मोजून दिलेला ताण

दुखणं जिथे, इलाजही तिथेच, असं आपण धरून चालतो. हृदयाला धोका असेल तर हृदयावर उपचार, मेंदूला असेल तर मेंदूवर. पण गेली वीस-पंचवीस वर्षं वैद्यकशास्त्राच्या एका कोपऱ्यात याहून वेगळा प्रयत्न चालू आहे. रक्तदाब मोजतात तसला पट्टा दंडाला बांधायचा, त्यात पाऱ्याच्या २०० मिलिमीटरपर्यंत दाब भरायचा आणि हातात जाणारं रक्त पाच मिनिटं पूर्ण थांबवायचं. मग दाब सोडून पाच मिनिटं हात मोकळा ठेवायचा. पुन्हा दाब, पुन्हा मोकळीक. असं चार-पाच वेळा. सुई नाही, गोळी नाही, टाका नाही. आणि हे सगळं हातासाठी चाललेलं नसतं. रक्तपुरवठा तुटण्याची वेळ कधी आलीच, तर हृदयाने आणि मेंदूने ती जरा जास्त काळ सोसावी, म्हणून हा खटाटोप.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रकार तांब्याचं कडं घालून संधिवात घालवण्यासारखाच वाटेल. मलाही शंका आली होती. पण यामागे जो प्रयोग आहे, तो वाचल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विशेषतः घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहताना ती हमखास आठवते.

तो प्रयोग १९८६ सालचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि किथ रायमर यांनी तो केला. कुत्र्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी ४० मिनिटं बंद ठेवली तर त्या भागातला स्नायू मरतो, हे माहीत होतं. त्यांनी काही कुत्र्यांत त्या ४० मिनिटांच्या आधी तीच रक्तवाहिनी चार वेळा, पाच-पाच मिनिटं बंद केली आणि मध्ये पाच-पाच मिनिटं उघडी ठेवली. साध्या हिशेबाने आधीच चार फटके खाल्लेल्या हृदयाचं नुकसान जास्त व्हायला हवं होतं. झालं उलटं. ज्या हृदयांनी आधी छोटे फटके खाल्ले होते, त्यांतला मेलेला स्नायू इतरांच्या मानाने जेमतेम पाव होता.

याच प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ४० मिनिटांऐवजी रक्तवाहिनी तीन तास बंद ठेवली, तेव्हा आधीच्या त्या तयारीचा काहीही उपयोग झाला नाही. दोन्ही गटांतला स्नायू सारखाच मेला. म्हणजे छोट्या फटक्यांनी हृदय अमर झालं नव्हतं, त्याला फक्त थोडा अवधी मिळाला होता. त्या शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हे प्रांजळपणे नोंदवलं: पेशींचं मरण टळत नाही, लांबतं.

खुणा त्याआधीही होत्या. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी छातीत कळ येण्याच्या आजाराचं पहिलं नेमकं वर्णन केलं, आणि जाता जाता आपल्या एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलं. हा गृहस्थ रोज अर्धा तास लाकडं करवतायचा आणि जवळजवळ बरा झाला होता. का झाला, हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. आजही हृदयरोगतज्ज्ञांना असे रुग्ण भेटतात, ज्यांना सकाळच्या पहिल्या चढावर छातीत भरून येतं, पण थोडं थांबून पुन्हा चालू लागलं की तोच चढ जाणवत नाही. मोठ्या झटक्याच्या आदल्या दिवसांत ज्यांना बारीक कळा येऊन गेलेल्या असतात, त्यांच्या हृदयाचं नुकसान पुष्कळदा कमी झालेलं दिसतं, असंही डॉक्टर सांगतात.

हृदयातून हातापर्यंत मजल आणखी सोळा वर्षांनी गेली. १९९३ साली करीन प्रझिक्लेन्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाच्या एका भागाला असे छोटे फटके दिले तर त्याच हृदयाच्या दुसऱ्या, हातही न लावलेल्या भागाला संरक्षण मिळतं. मग मूत्रपिंड, आतडी अशा लांबच्या अवयवांवर प्रयोग झाले. २००२ मध्ये राजेश खरबंदा आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या दंडाला रक्तदाबाचा साधा पट्टा बांधून तेच करून पाहिलं. एका हाताला दिलेल्या ताणाने दुसऱ्या हातातल्या रक्तवाहिन्यांचं रक्षण झालं. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी पट्ट्याचं जे उपकरण आणलं ते मोजण्यासाठी. शंभर वर्षांनी त्याच पट्ट्याला असं वेगळं काम मिळेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

हाताचा निरोप हृदयापर्यंत पोचतो कसा? काही भाग रक्तातून जातो. असा ताण दिलेल्या प्राण्याच्या रक्तातला गाळलेला अंश दुसऱ्या प्राण्याच्या हृदयाला दिला, तर त्या दुसऱ्या हृदयालाही संरक्षण मिळतं. काही भाग मज्जातंतूंमधून जातो, कारण ते तंतू तोडले तर परिणाम कमी होतो. नेमका पदार्थ कोणता, यावर अजून एकमत नाही. पेशीच्या आत शेवटची घडामोड तिच्या ऊर्जाकेंद्रांत होते. रक्त तुटल्यावर पेशी गुदमरते हे आपल्याला कळतं. पण रक्त अचानक परत आलं की त्या परतीच्या लोंढ्यातही पेशी मरतात. त्या क्षणी ऊर्जाकेंद्रांच्या पडद्यात छिद्रं उघडतात आणि पेशीचा खेळ संपतो. आधी तयारी झालेल्या पेशीत ती छिद्रं सहजासहजी उघडत नाहीत.

हाताला त्या पाच मिनिटांत काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पट्टा फुगला की आधी नुसतं आवळल्यासारखं वाटतं. मनगटावरची नाडी लागेनाशी होते. तळवा फिका पडतो, नखांखालची लाली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला बोटांना मुंग्या येतात, हात कोपरापासून जड होतो, मूठ वळायचा कंटाळा येतो. चौथं मिनिट सगळ्यात लांब असतं. दाब सुटला की तळहातात ऊब धावते, बोटं लालबुंद होतात, मुंग्या एकदम वाढतात आणि हळूहळू निवतात. नाडी परत येते, तीही जोरात. काही जणांच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उठतात, काहींना दुखतं. बहुतेकांना सोसवतं.

एवढा सुंदर शोध, इतका स्वस्त, इतका निर्धोक. साहजिकच डॉक्टरांनी तो रुग्णांवर वापरून पाहिला. सुरुवातीच्या छोट्या चाचण्या आनंदाच्या होत्या. बायपासच्या आधी दंडाला पट्टा बांधलेल्या रुग्णांत हृदयाला होणारी इजा कमी दिसली. डेन्मार्कमध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांना अँजिओप्लास्टीसाठी नेताना अँब्युलन्समध्येच पट्टा बांधला, तेव्हा हृदयाचा जास्त भाग वाचला. मग मोठ्या चाचण्या झाल्या आणि निराशा पदरी आली. २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक ब्रिटनमधली आणि एक जर्मनीतली, काहीच फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातल्या पाच हजारांहून अधिक हार्ट अटॅकच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती, हे पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के आणि न बांधलेल्यांत ८.६ टक्के. म्हणजे उपयोग शून्य.

कारणं बरीच सांगतात. शस्त्रक्रियेतलं भुलीचं एक औषध हा परिणाम पुसून टाकत असावं. आजची अँजिओप्लास्टी आणि औषधं आधीच इतकी चांगली आहेत की आणखी वाचवायला फारसं उरत नाही. आणि प्रयोगशाळेतला प्राणी तरुण, निरोगी असतो, तर रुग्ण वयस्कर, मधुमेही, दहा गोळ्या घेणारा असतो. वय झालेल्या प्राण्यांत हा संरक्षणाचा गुण क्षीण होतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याच शरीरात ही विद्या अंधूक झालेली असते. मला या सगळ्या कहाणीत हीच बाब सर्वात जास्त लागली.

तरीही म्हाताऱ्यांच्या बाबतीत दार बंद झालेलं नाही, आणि ते उघडं ठेवायचं काम चीनमध्ये झालं. बीजिंगच्या श्वानवू रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक वेगळा विचार केला. संकटाच्या क्षणी एकदाच पट्टा बांधण्यापेक्षा तो रोज का बांधू नये? मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लकवा होऊन गेलेल्या ६८ रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना त्यांनी दिवसातून दोनदा, ३०० दिवस हा उपचार दिला. पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण दिसण्याइतकं कमी झालं. २०१५ मध्ये त्यांनी ८० ते ९५ वयाच्या ५८ माणसांवर तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. १८० दिवस, रोज दोन वेळा. या वयाची माणसं एरवी चाचण्यांतून सरसकट वगळली जातात. त्यांना हा ताण झेपला, आणि त्यांच्यातही लकव्याचे झटके कमी दिसले.

पण ५८ माणसांवरून कुणी जगाला औषध सांगू नये, आणि त्याच डॉक्टरांच्या वर्तुळाने पुढे तीन हजारांवर रुग्णांची वर्षभराची चाचणी केली. तिचा निकाल २०२२ मध्ये आला. पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण १६.९ टक्के विरुद्ध १९.२ टक्के. फरक आहे, पण तो योगायोगाने आला नसेल असं म्हणण्याइतका मोठा नाही. ज्यांनी नेमाने पट्टा बांधला त्यांना लाभ जास्त दिसला, असंही त्यात आढळलं. मात्र नेम पाळणारी माणसं इतर बाबतींतही नेमाची असतात, गोळ्या वेळेवर घेतात, चालायला जातात. त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं, हे सांगणं सोपं नाही. त्याच वर्षी चीनमधल्याच ५५ रुग्णालयांची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम स्वरूपाचा लकवा झालेल्या सुमारे १,८०० रुग्णांत ४८ तासांच्या आत हा उपचार सुरू करून १० ते १४ दिवस, दिवसातून दोनदा दिला होता. तीन महिन्यांनी जवळपास पूर्वीसारखं हिंडू-फिरू, वागू शकणारे ६७.४ टक्के निघाले. नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ते ६२ टक्के होते. हा फरक खरा धरावा असा आहे, जरी आपल्याला पट्टा बांधला जातोय हे रुग्णांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या चाचणीत, जिथे पट्टा अँब्युलन्समध्येच बांधला होता, फायदा दिसला नाही.

माझं मत विचाराल तर, एकदाच घाईने दिलेल्या ताणावर आता फार आशा ठेवू नये. रोज, बेताने, बरेच दिवस दिलेल्या ताणाला मात्र अजून संधी द्यायला हवी, आणि ती देताना म्हाताऱ्यांना बाहेर ठेवू नये. चाचण्यांचे निकाल उलटसुलट आले म्हणून मूळ शोध खोटा ठरत नाही. शरीराला छोट्या संकटाची आठवण राहते आणि त्या आठवणीचा हृदयापाशी उपयोग होतो, हे १९८६ मध्ये दिसलं आणि नंतर कित्येक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. डाव्या अंगाला लकवा होऊन गेलाय. फिजिओथेरपीच्या ताई येतात, ताटलीत वालाचे दाणे ठेवतात आणि डाव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकायला सांगतात. दाणा चिमटीत येतो, वाटीच्या काठापर्यंत जातो आणि निसटतो. आजींच्या कपाळावर घाम येतो. एकदा मी तिथे बसलेलो असताना सून म्हणाली, "राहू दे ना आई, दमलात तुम्ही." आजी मान न वळवता म्हणाल्या, "दमू दे गं. दमला तर कळतंय तरी, हात माझाच आहे ते." ताई हसल्या. म्हणाल्या, "अजून पाच दाणे, आजी. मग थांबायचं." आणि पाच झाल्यावर ताईंनी खरंच थांबवलं, आजी 'अजून एक' म्हणत होत्या तरी.

तिथे बसल्या बसल्या मला ड्यूकच्या प्रयोगातली ती मधली पाच मिनिटं आठवली. रक्त बंद करण्याच्या पाच मिनिटांविषयी सगळे बोलतात, पण संरक्षण येतं ते बंद आणि मोकळं, बंद आणि मोकळं या क्रमातून. नुसताच ताण असता तर तो तीन तासांचा झाला असता, आणि तीन तासांनी काय होतं ते तिथेच दिसलं होतं. दुःखाने माणूस घडतो, कष्टाने कणखर होतो, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. म्हाताऱ्या माणसांना तर ते ऐकवलं जातंच. मला ते कधी पटलं नाही, आता तर अजिबात पटत नाही. न संपणारं दुःख पेशीलाही मारतं आणि माणसालाही. सोसण्याने शक्ती येते ती मात्रा ठरलेली असेल, सोसणाऱ्याला शेवट ठाऊक असेल आणि मध्ये उसंत असेल तेव्हाच.

घरातल्या वृद्धांशी आपण जे वागतो, त्यात ही मात्राच चुकते. एका घरात त्यांना हलूच देत नाहीत. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचं ताट पलंगावर, जिना बंद, बाजार बंद. दुसऱ्या घरात सगळं त्यांच्यावरच टाकलेलं असतं: नातवंडं, दूधवाला, बँक, स्वतःचं दुखणं, आणि रात्रीची झोप नाही. पहिल्या घरातल्या शरीराला कसली तयारीच मिळत नाही. दुसऱ्या घरातल्याला उसंत मिळत नाही. प्रेमाची कमतरता दोन्हीकडे असतेच असं नाही. आजींच्या ताईंनी जे केलं, म्हणजे आजी दमेपर्यंत करून घेतलं आणि त्या थांबायला तयार नसतानाही थांबवलं, त्यासाठी माणसाजवळ बसावं लागतं, त्याच्या कपाळावरचा घाम पाहावा लागतो. आपण तेवढा वेळ बसत नाही.

आता ज्यांच्या घरात रक्तदाबाचं मशीन आहे, त्यांना कळकळीने सांगायचं आहे. हे वाचून कुणीही आई-वडिलांच्या दंडावर हा प्रयोग करू नये. घरातलं मशीन रक्तदाब मोजण्यासाठी आहे. पाच मिनिटं ठरावीक दाब धरून ठेवायला ते बनवलेलं नाही. हातापायातल्या रक्तवाहिनीत गुठळी असेल, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केलेला असेल, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असेल, हाड मोडलेलं किंवा जखम असेल, तर अशा दाबाने इजा होईल. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको. चाचण्यांतले रुग्ण यासाठीच बनवलेली यंत्रं वापरत होते आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होते. शिवाय हा उपचार रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची जागा घेत नाही, तंबाखू सोडण्याची आणि रोज चालण्याचीही घेत नाही.

आणि सगळी तयारी असली तरी तिने मिळतो तो अवधीच, हे विसरू नका. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत दिलं तरच चालतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलताना जीभ अडखळू लागली, तर मालिश करत, कांदा हुंगवत, सकाळ होण्याची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा, जिथे मेंदूचं स्कॅन होतं अशा रुग्णालयात न्या, आणि लक्षण सुरू झालं तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते कागदावर लिहून सोबत ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.